गावच्या वीराचे स्मरण कसे जपावे : नोंदीपासून फलकापर्यंत

लढाईत धारातीर्थी पडलेल्या आणि मरणोत्तर शौर्यपदकाने गौरवलेल्या तरुण सैनिकाचे स्मारक करण्याचा विषय गावात निघाला, की पहिली चर्चा बहुधा पुतळ्याच्या उंचीची होते आणि दुसरी उद्घाटनाला कोणाला बोलवायचे याची. त्या सैनिकाने नेमके काय केले, हा प्रश्न निमंत्रणपत्रिका छापायला टाकण्याच्या आदल्या दिवशी कोणाला तरी सुचतो. मग ‘पराक्रमाची शर्थ केली’, ‘शत्रूला पाणी पाजले’, ‘हसत हसत मृत्यूला कवटाळले’ अशी वाक्ये पत्रिकेत येतात आणि तीच पुढे दगडावर कोरली जातात. ही वाक्ये खोटी नसतात. पण ती कोणाच्याही नावाखाली चालतात, आणि जे कोणाच्याही नावाखाली चालते त्यातून तो एक मुलगा आठवत नाही. म्हणून येथे उलटा क्रम सुचवला आहे : आधी नोंद पक्की करावी, मग मजकूर लिहावा, मग फलक किंवा स्मारक करावे आणि सोहळ्याची चिंता सर्वांत शेवटी करावी.

आपल्याकडे वीराचे स्मारक ही काही नवी गोष्ट नाही. गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पाराजवळ किंवा पडक्या शिवालयाच्या आवारात वीरगळ उभे असतात : खालच्या चौकटीत लढाई, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. पण महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. कोणी तरी लढला आणि पडला एवढेच त्यातून कळते. कोण, कोणाशी आणि कशासाठी, हे कळत नाही. पुढे पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके पुरुष युद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा त्यांवरील ठराविक मजकूर. तेथे आकडा आहे, पण नावे नाहीत. आपल्याला जे करायचे आहे ते या दोन्हींपेक्षा अवघड नाही, फक्त अधिक नेमके आहे.

सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. नाईक (हा लष्करातला हुद्दा) यशवंत घाडगे हे रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे. जन्म १९२१. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते होते आणि १० जुलै १९४४ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातील डोंगरांवर झालेल्या लढाईत ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. माणगावात तहसील कार्यालयापुढे त्यांचे स्मारक आहे. आपल्या गावचा सैनिक कारगिलमध्ये किंवा काश्मीर खोऱ्यात अलीकडे पडलेला असला, तरी पद्धत तीच राहते. फक्त कागद मिळण्याची ठिकाणे बदलतात.

आधी कागद

सुरुवातीला एका वहीत पुढील बाबी लिहून काढाव्यात आणि प्रत्येकीसमोर ती कोठून कळली हेही लिहावे : लष्करी क्रमांक, मृत्यूसमयीचा हुद्दा, पूर्ण नाव, पलटण आणि रेजिमेंट, ज्या चकमकीसाठी पदक मिळाले तिची तारीख आणि ठिकाण, मृत्यूची तारीख, पदकाचे नाव आणि ते जाहीर झाल्याची तारीख. शेवटच्या तीन तारखांचा घोळ सर्वांत जास्त होतो. चकमक एका दिवशी होते, जखमी सैनिकाचा मृत्यू रुग्णालयात कित्येक दिवसांनी होऊ शकतो, पदक प्रजासत्ताक दिनाच्या किंवा स्वातंत्र्य दिनाच्या आदल्या संध्याकाळी जाहीर होते आणि राष्ट्रपतींच्या हस्ते ते कुटुंबाला मिळते आणखी काही महिन्यांनी. घाडगे यांच्या बाबतीत चकमक आणि मृत्यू एकाच दिवशीचे, तर लंडनच्या राजपत्रातील घोषणा २ नोव्हेंबर १९४४ ची. ज्या गावांत स्मृतिदिन चुकीच्या तारखेला पाळला जातो, तेथे या तारखांपैकी एक दुसरीच्या जागी बसलेली असते.

लष्करी क्रमांकाला सर्वांत जास्त महत्त्व द्यावे. एकाच पलटणीत एकाच नावाचे चार जाधव किंवा पाच शिंदे असणे ही नित्याची गोष्ट आहे. क्रमांक मात्र एकाचाच असतो.

सैनिक १९४७ पूर्वीच्या महायुद्धांतला असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधता येते. दोन्ही महायुद्धांतील सुमारे १७ लाख मृतांची ही नोंद सर्वांना विनामूल्य खुली आहे. शोधताना नावाची इंग्रजी अक्षरे आपल्या आजच्या सवयीने न लिहिता त्या काळच्या कारकुनाने कशी लिहिली असतील याचा अंदाज घ्यावा. सरकारी कागदांत यशवंत हे ‘येश्वंत’ असे उतरले आहे. गावाचे नाव तर ओळखू न येण्याइतके बदललेले असू शकते. जिल्ह्यांची नावेही तपासावीत : रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, त्यामुळे जुन्या कागदांत रायगड शोधून काहीही हाती लागत नाही. हिंदू सैनिकांचे बहुधा दहन होत असल्याने कबरीचा शोध घेत बसू नये. ज्यांना ज्ञात कबर नाही अशांची नावे स्मारकाच्या भिंतींवर कोरलेली असतात. घाडगे यांचे नाव इटलीतील कासिनोच्या अशा स्मारकावर आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे पहिले दार. तेथून रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार कसा करायचा ते कळते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावला आहे. पदकविजेत्यांची माहिती संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर मिळते. नवी दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्घाटन झाले. तेथील त्यागचक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सैनिकांची नावे ग्रॅनाइटच्या पाट्यांवर कोरलेली आहेत. महायुद्धातील सैनिकाचे नाव तेथे सापडले नाही, तर तो त्याचा अपमान नव्हे. ते स्मारकच नंतरच्या काळाचे आहे.

पलटणीचे नाव लिहिताना घाई करू नये, कारण पलटणींची नावे आणि घरे बदलतात. घाडगे ज्या तिसऱ्या पलटणीत होते, तीच पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. म्हणजे फलकावर त्यांच्या काळचे नाव कोरायचे, पण त्यांच्या पलटणीच्या आजच्या वारसांना निमंत्रण द्यायचे असेल तर पत्र वेगळ्या पत्त्यावर जायला हवे. रेजिमेंटला कळवणे हा केवळ शिष्टाचार नाही. पलटणी आपले इतिहास जपून ठेवतात, आणि गावाकडून आलेल्या नीट लिहिलेल्या पत्राला, थोडा वेळ लागला तरी, उत्तर येण्याची शक्यता चांगली असते.

घरच्यांशी बोलताना

कुटुंबाची परवानगी ही उपचाराची बाब नाही, आणि ती एकाच व्यक्तीकडून घेऊन भागत नाही. वीरपत्नी एकीकडे, आईवडील दुसरीकडे आणि भाऊ तिसऱ्या गावी, अशी स्थिती असते. कधी त्यांच्यात अनुदानावरून किंवा जमिनीवरून अबोला असतो. समितीने त्यात पडू नये, पण स्मारकाचा मजकूर प्रत्येकाला स्वतंत्रपणे वाचायला द्यावा. ‘तुमचे काही म्हणणे असेल तर आठ दिवसांत सांगा’ असा निरोप पाठवण्यापेक्षा घरी जाऊन, बसून, मोठ्याने वाचून दाखवणे बरे, कारण वयस्कर आईला चष्मा लावून बारीक टाइप वाचण्यापेक्षा ऐकणे सोपे जाते आणि खटकलेली गोष्ट ती लगेच बोलून दाखवते.

प्रश्न विचारताना शेवटच्या फोनपासून सुरुवात करू नये. तो प्रश्न त्यांना प्रत्येक वार्ताहराने विचारलेला असतो आणि त्याचे उत्तर एव्हाना पाठ झालेले असते. शाळा कोणती, भरतीसाठी धावायचा तो रस्ता कोणता, सुट्टीवर आल्यावर आधी कोणाकडे जायचा, शेतातले कोणते काम त्याला आवडत नसे, पहिल्या पगारातून काय आणले, असे विचारावे. अशा साध्या उत्तरांतून माणूस उभा राहतो. सगळे लिहून घ्यावे, पण सगळे छापू नये. पत्रांतील खासगी मजकूर, लग्नाची बोलणी, घरातील आजारपण हे त्यांचे आहे, गावाचे नाही.

छायाचित्र घरूनच घ्यावे. समाजमाध्यमांवर फिरणारी छायाचित्रे अनेकदा दुसऱ्याच सैनिकाची असतात, किंवा त्यांवर सुधारणा म्हणून गणवेश आणि पदके चढवलेली असतात. या ठिकाणी एक चूक वारंवार दिसते : मरणोत्तर मिळालेले पदक छायाचित्रात सैनिकाच्या छातीवर रंगवणे. ते पदक त्याने कधीही लावलेले नाही, लावणे शक्यच नव्हते. पदक दाखवायचे असेल तर छायाचित्राच्या खाली वेगळे दाखवावे आणि त्याची फीतही बरोबर रंगाची असावी. परमवीर चक्राची फीत जांभळी, महावीर चक्राची अर्धी पांढरी आणि अर्धी केशरी, वीर चक्राची अर्धी गडद निळी आणि अर्धी केशरी असते. (परमवीर चक्राची रचना सावित्री खानोलकर यांनी केली. जन्माने त्या युरोपातल्या. मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून त्या इथल्याच झाल्या. इंद्राच्या वज्राची चार चिन्हे पदकावर आली ती त्यांच्या अभ्यासातून. आपल्या व्याख्यानांत ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.)

प्रशस्तिपत्र मराठीत आणताना

शौर्यपदकासोबत येणारे प्रशस्तिपत्र हा आपला मुख्य आधार आहे. ते लष्करी भाषेत, आटोपशीर आणि विशेषणांना कंजूष असते, आणि मराठीत आणताना आपण नेमके हेच बिघडवतो. घाडगे यांच्या प्रशस्तिपत्रातील हकीगत अशी आहे. त्यांच्या कंपनीने शत्रूच्या भक्कम मोर्चावर हल्ला चढवला. ते ज्या तुकडीचे प्रमुख होते ती अगदी जवळून होणाऱ्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली आणि त्यांच्याखेरीज तुकडीतील सगळे ठार किंवा जखमी झाले. सोबत यायला कोणी उरलेले नाही हे लक्षात आल्यावर ते एकटेच मशीनगनच्या दिशेने धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी ती मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. मग तिच्यावरच्या आणखी एकाला टॉमीगनने, म्हणजे हातात धरायच्या स्वयंचलित बंदुकीने, टिपले. गोळ्यांचे मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले. शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांचा अंत झाला.

या हकिगतीत एकही ‘शूर’ किंवा ‘धाडसी’ नाही, आणि त्याची गरजही वाटत नाही. वाचणाऱ्याच्या मनात राहते ते मॅगझिन. बंदूक रिकामी झाली आहे, ती भरायला काही सेकंद लागतील आणि ते सेकंद मिळणार नाहीत, हा हिशेब बावीस वर्षांच्या मुलाने धावता धावता केला. मजकूर लिहिणाऱ्याने प्रशस्तिपत्रात असा एक तपशील शोधावा, जो काढून टाकला तर हकीगत दुसऱ्या कोणाचीही होईल, आणि बाकी काहीही गाळावे लागले तरी तो गाळू नये.

बंदुकीच्या दस्त्याने दोघांना मारणे हा भाग शाळकरी मुलांसमोर सांगावा की नाही, असा प्रश्न शिक्षक विचारतात. माझ्या मते सांगावा, पण सांगण्याची पट्टी खाली ठेवावी. ते वाक्य जोशात, हात उगारून, टाळ्यांसाठी थांबत म्हटले की त्याचा चित्रपट होतो. साध्या आवाजात म्हटले की मुले गप्प होतात आणि मग खरे प्रश्न विचारतात. समोरचे दोघेही कोणाची तरी मुले होती, असे एखादी मुलगी म्हणाली तर तिला गप्प बसवू नये. दुसरीकडे, हा भाग गाळून ‘शत्रूचा नि:पात केला’ असे गुळगुळीत वाक्य घालणे म्हणजे त्या मुलाने जे केले आणि त्याला जे करावे लागले ते दोन्ही लपवणे होय.

एका प्रशस्तिपत्रावर थांबावे लागू नये म्हणून इतर साक्षी शोधाव्यात : सोबत लढलेले जवान, पलटणीची रोजनिशी, कधीकधी तर समोरची बाजू. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५० चा. प्रशिक्षण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत. नेमणूक पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये, १३ जून १९७१ रोजी. १६ डिसेंबर १९७१ रोजी, पाकिस्तानशी झालेल्या युद्धात, शकरगड भागात बसंतर नदीपलीकडच्या रणगाड्यांच्या लढाईत त्यांचा रणगाडा पेटला. तो सोडून देण्याचा आदेश आल्यावर, तोफ अजून चालते आहे असे कळवून ते लढत राहिले. वय एकवीस. परमवीर चक्र मरणोत्तर. पश्चिम आघाडीवरचा गोळीबार दुसऱ्याच दिवशी थांबला. पुढे २००१ मध्ये त्यांचे वयोवृद्ध वडील, स्वतः निवृत्त ब्रिगेडियर, आपली जन्मभूमी पाहायला पाकिस्तानात गेले असता, ज्यांच्या घरी ते पाहुणे होते त्या निवृत्त पाकिस्तानी ब्रिगेडियरनेच त्या दिवशी समोर आपण होतो हे त्यांना सांगितले. अशी साक्ष सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पण सोबतचे जवान हयात असतात आणि बहुधा निवृत्त होऊन कोठल्या तरी तालुक्याच्या गावी राहत असतात. त्यांच्याशी बोलायला उशीर करू नये. खेत्रपाल यांचा ‘फामागुस्टा’ हा रणगाडा अहिल्यानगर येथील चिलखती दलाच्या केंद्रात जतन केलेला आहे. वस्तू टिकते, तिच्याविषयी सांगणारी माणसे तेवढी टिकत नाहीत.

अलीकडच्या मोहिमेतील सैनिक असेल, तर हकिगतीत तळाचे नेमके ठिकाण, मोहिमेची पद्धत, सोबत्यांची नावे असे जे प्रशस्तिपत्रात नाही ते पलटणीला दाखवल्याशिवाय छापू नये.

कोणाच्या सैन्यात

घाडगे यांच्यासारख्या महायुद्धातील सैनिकाच्या फलकावर काय लिहावे, यावर समितीत हटकून वाद होतो. कोणी म्हणते, ते ब्रिटिशांच्या सैन्यात होते, त्यांचा गौरव आपण का करावा. कोणी म्हणते, ‘देशासाठी बलिदान’ असे लिहून मोकळे व्हा. दोन्ही वाटा सोप्या आणि दोन्ही चुकीच्या आहेत. १९४४ साली ते ब्रिटिश इंडियन आर्मीत होते, पदक ब्रिटिश राजाच्या नावाने मिळाले आणि लढाई नाझी जर्मनीच्या फौजांशी होती. एवढे सरळ लिहावे. त्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते आणि ते सक्तीच्या भरतीने गेलेले नव्हते. कोकणातून आणि घाटावरून मुले सैन्यात जात त्यामागे घराण्याची रीत होती, शेतीची तुटपुंजी मिळकत होती, पगार आणि पेन्शन होती. हे सांगितल्याने त्यांच्या शौर्याला कमीपणा येत नाही, आणि वाचणाऱ्याला तो मुलगा इटलीत कसा पोहोचला याचे उत्तरही मिळते.

इटालियनांनी यावर काढलेला मार्ग विचार करण्याजोगा आहे. पेरुजा भागातील मोंतोने या गावाने आणि तेथील लष्करी इतिहासकारांनी जुलै २०२३ मध्ये घाडगे यांच्या नावाने स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे आणि आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैनिकांना मिळाले आणि ५,७८२ भारतीय सैनिक तेथे कामी आले. ज्या गावाच्या डोंगरावर घाडगे पडले, त्या गावाला त्यांच्या नावाने काही करावेसे वाटले, हे आपल्या तालुक्यातल्या मुलांना आवर्जून सांगावे.

फलकाचा मजकूर

फलकावर ऐंशी-नव्वद शब्दांपेक्षा जास्त मजकूर नसावा. समिती सदस्यांची, देणगीदारांची आणि प्रमुख पाहुण्यांची नावे त्याच फलकावर नकोत. अनेक ठिकाणी सैनिकाच्या नावापेक्षा उद्घाटकाचे नाव मोठ्या अक्षरांत असते, आणि यापुढे काही बोलण्याची गरज नाही. आवश्यकच असेल तर मागच्या बाजूला छोटी पाटी लावावी. घाडगे यांच्यासाठी मी पुढीलप्रमाणे मजकूर सुचवेन :

‘नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस (मरणोत्तर). तिसरी पलटण, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. जन्म पळसगाव, तालुका माणगाव, १९२१. दुसऱ्या महायुद्धात इटलीमध्ये टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी, तुकडीतील सर्व सहकारी ठार किंवा जखमी झाल्यावर ते एकटेच शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. बंदूक भरायला वेळ नव्हता, तेव्हा तिच्या दस्त्याने लढून त्यांनी मोर्चा जिंकला आणि तेथेच प्राण सोडला. वय २२. त्यांच्यासोबत त्या दिवशी पडलेल्या सहकाऱ्यांचेही येथे स्मरण आहे.’

शेवटचे वाक्य विसरू नये. पदक एकाला मिळते; त्याच माऱ्यात पडलेल्या बाकीच्यांची नावे कोणत्याही चौकात नसतात.

अक्षरे दगडात खोल कोरून घ्यावीत. चिकटवलेली धातूची अक्षरे सुटतात आणि नुसती रंगवलेली कोकणच्या पावसात दोन-तीन वर्षांत जातात. काळा ग्रॅनाइट टिकतो, पण त्यावर पांढरा किंवा सोनेरी रंग भरावा लागतो आणि तो काही वर्षांनी पुन्हा भरण्याची तरतूद आजच करून ठेवावी. कोरण्यापूर्वी कारागिराकडून पूर्ण आकाराची कागदी छाप मागवावी आणि ज्याने मजकूर लिहिला नाही अशा माणसाकडून ती तपासून घ्यावी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कागदावर सहज सुधारतात. राजमुद्रा, म्हणजे अशोकस्तंभाचे बोधचिन्ह, खासगी फलकावर वापरता येत नाही. त्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. रेजिमेंटचे चिन्ह वापरायचे असल्यास रेजिमेंटची लेखी परवानगी घ्यावी.

पुतळ्याविषयी थोडक्यात : सार्वजनिक जागेवर पुतळा उभारायचा तर ग्रामसभेचा ठराव आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत रीतसर मान्यता लागते, खर्च मोठा होतो आणि चेहरा जमला नाही तर आईला रोज ते पाहावे लागते. शाळेच्या वाचनालयाला, व्यायामशाळेला किंवा भरतीपूर्व सरावाच्या मैदानाला नाव देणे मला अधिक योग्य वाटते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतील संचलनाच्या मैदानाला खेत्रपाल यांचे नाव आहे, आणि रोज त्यावर पावले पडतात.

स्मृतिदिन

घरची मंडळी श्राद्ध तिथीने करतात आणि गाव कार्यक्रम तारखेने करते. हे दोन्ही निरनिराळ्या दिवशी येतात हे लक्षात ठेवून घरच्या विधीच्या दिवशी ध्वनिवर्धक, सत्कार किंवा भेटीगाठी ठेवू नयेत. तारीख पावसाळ्यात येत असेल, जशी १० जुलै, तर मैदानातील मांडवाचा हट्ट सोडून शाळेच्या सभागृहात कार्यक्रम घ्यावा आणि फलकापाशी फक्त पुष्पचक्र वाहावे.

कार्यक्रम पाऊण तासात संपावा. फलकाचा मजकूर एका विद्यार्थ्याने वाचावा, दोन मिनिटे शांतता पाळावी, प्रशस्तिपत्राचे मराठी वाचन व्हावे आणि त्यानंतर एकच वक्ता असावा, तोही शक्यतो माजी सैनिक. वीरमातेला मंचावर बसवायचे की नाही हे तिला विचारावे; अनेकींना पहिल्या रांगेत नातवंडांजवळ बसणे अधिक बरे वाटते. तिला ऐनवेळी ध्वनिवर्धकासमोर उभे करून ‘दोन शब्द’ मागू नयेत. साडीचोळी आणि श्रीफळ द्यायचे असल्यास ते घरी जाऊन द्यावे.

राष्ट्रध्वजाच्या बाबतीत ध्वजसंहिता स्पष्ट आहे. पुतळ्याच्या किंवा फलकाच्या अनावरणासाठी तिरंगा आच्छादन म्हणून वापरायचा नाही. तो वेगळा, मानाच्या जागी फडकवायचा आणि आच्छादनासाठी साधे कापड घ्यायचे. ध्वजावर कोणतीही अक्षरे, सैनिकाचे नावसुद्धा, लिहायची नाहीत. मिरवणुकीतील गाड्यांवर तिरंगा अंथरणे, कार्यक्रमानंतर कागदी झेंडे रस्त्यावर पडू देणे, हे प्रकार समितीने आधीच स्वयंसेवक नेमून टाळावेत.

नंतरची वर्षे

पहिल्या वर्षी गर्दी असते, पाचव्या वर्षी समितीतले तिघे उरतात. म्हणून सुरुवातीलाच एक फाइल तयार करावी. तिच्यात प्रशस्तिपत्राची मूळ आणि मराठी प्रत, राजपत्रातील घोषणेची प्रत, सोबत्यांच्या मुलाखतींचे लेखन, कुटुंबाने दिलेल्या छायाचित्रांच्या प्रती आणि प्रत्येक बाब कोठून मिळाली याची नोंद असावी. पत्रे आणि छायाचित्रे स्कॅन करून मूळ वस्तू त्याच भेटीत घरी परत कराव्यात, कारण ‘जरा ठेवून घेतो’ म्हणून घेतलेली छायाचित्रे परत जात नाहीत. मूळ पदक कोणत्याही प्रदर्शनासाठी मागू नये; प्रतिकृती पुरते.

फाइलची एक प्रत शाळेत, एक तालुक्याच्या वाचनालयात, एक रेजिमेंटकडे आणि एक कुटुंबाकडे असावी. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण केले असेल तर ते एकाच मोबाइलमध्ये न ठेवता किमान दोन ठिकाणी उतरवून ठेवावे आणि त्यावर बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. मुख्याध्यापक बदलले की नव्यांनी पहिल्या महिन्यात फाइल पाहून सही करावी, अशी नोंद शाळेच्या दप्तरात करून ठेवली तर ती कपाटाच्या मागे जात नाही. नवी माहिती मिळाली किंवा जुनी चुकीची ठरली, तर जुना कागद फाडून न टाकता त्यावर तारीख घालून दुरुस्ती लिहावी आणि तीच दुरुस्ती चारही प्रतींत पोहोचती करावी.